कॅज्युअल्टीचे डॉक्टर, सीएमओ की तज्ज्ञ? आपत्कालीन वैद्यकातील डॉक्टरांनी स्वतःची ओळख काय सांगावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. आपत्कालीन वैद्यकशास्त्रात एमडी करून ठाण्यातील एका खासगी रुग्णालयात नुकत्याच रुजू झालेल्या एका तरुण डॉक्टरांनी विचारले आहे की, त्यांच्या ओळखपत्रावर ‘सीएमओ’ (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर) छापले आहे, रुग्णांचे नातेवाईक त्यांना ‘कॅज्युअल्टीचे डॉक्टर’ म्हणतात, इतर विभागांतील सहकारी ‘ईआरवाले’ (इमर्जन्सी रूमवाले) म्हणतात आणि परदेशी पाठ्यपुस्तकांत त्यांच्या कामाला ‘इमर्जन्सी फिजिशियन’ असे नाव आहे. तर या क्षेत्रातील डॉक्टरांनी स्वतःची ओळख नेमकी काय सांगावी, आणि इतक्या धावपळीच्या कामात या गोष्टीकडे लक्ष द्यावे एवढे तिला खरोखर महत्त्व आहे का?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देते. महत्त्व आहे, आणि बरेच आहे. आपल्या विभागात येणारा रुग्ण आपल्याला निवडून आलेला नसतो. तो कोणत्या तरी सर्जनचे किंवा हृदयरोगतज्ज्ञाचे नाव ऐकून आलेला नसतो. तो जवळचे रुग्णालय म्हणून, दार उघडे आहे म्हणून आलेला असतो. त्याच्या नातेवाइकांना आपल्याविषयी जे काही कळते ते पहिल्या अर्ध्या मिनिटात, आपण सांगितलेल्या किंवा त्यांनी छातीवरच्या कार्डावर वाचलेल्या शब्दांतून कळते, आणि त्यावरच ते आपल्याला पुढचे उपचार करू देतात की थांबवून धरतात, हे पुष्कळदा ठरते. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रुग्णालयांत अनेक वर्षे हे काम करीत आले आहे आणि तरुण सहकाऱ्यांना शिकवीत आले आहे. माझी मूळ पदवी भूलशास्त्रातील आहे, आणि त्याचा या उत्तराशी संबंध आहे, म्हणून तो उल्लेख येथेच करून ठेवते.

माझे मत असे आहे की, आपण आपली ओळख ज्या खोलीत उभे राहतो तिच्यावरून सांगू नये आणि जी ड्यूटी लागली आहे तिच्यावरूनही सांगू नये. ती आपल्या विषयावरून आणि वैद्यकीय परिषदेकडे नोंदवलेल्या पात्रतेवरून सांगावी. म्हणून आपल्यासारख्या एमडी किंवा डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पात्रता) असलेल्या डॉक्टरांनी लेखी ‘आपत्कालीन वैद्यक तज्ज्ञ’ असे लिहावे, इंग्रजी पाटीवर किंवा कार्डावर ‘कन्सल्टंट, इमर्जन्सी मेडिसिन’ असे असावे, आणि रुग्णांशी बोलताना ‘इमर्जन्सीचा तज्ज्ञ डॉक्टर’ असे साधे सांगावे. ही पात्रता नसलेल्या, पण त्याच विभागात तितक्याच निष्ठेने काम करणाऱ्या डॉक्टरांनी ‘आपत्कालीन वैद्यकीय अधिकारी’ हे पदनाम लावावे. या दोन नावांची सरमिसळ होऊ देऊ नये. असे का, ते आता सविस्तर सांगते.

‘कॅज्युअल्टी’ हा शब्द आपल्याकडे इंग्रजांच्या रुग्णालयांतून आला आणि त्यांच्याकडून तो जवळजवळ गेला तरी आपल्याकडे टिकून राहिला. ब्रिटनमध्ये १९५२ साली लीड्स येथील इन्फर्मरी या रुग्णालयात मॉरिस एलिस यांची या विभागाचे पहिले पूर्णवेळ कन्सल्टंट म्हणून नेमणूक झाली. या विभागांविषयीच्या १९६२ च्या सरकारी प्लॅट अहवालाने ‘कॅज्युअल्टी’ हे नाव सोडून ‘ॲक्सिडेंट अँड इमर्जन्सी’ असे म्हणावे, अशी शिफारस केली. तरीही १९६७ मध्ये तेथील डॉक्टरांनी स्थापन केलेल्या संघटनेचे नाव ‘कॅज्युअल्टी सर्जन्स असोसिएशन’ असेच होते. १९९० मध्ये ‘सर्जन्स’ आणि ‘कॅज्युअल्टी’ हे दोन्ही शब्द गेले आणि ‘ॲक्सिडेंट अँड इमर्जन्सी मेडिसिन’ आले. २००४ मध्ये ‘ॲक्सिडेंट’ही गळाला आणि केवळ ‘इमर्जन्सी मेडिसिन’ उरले. २०१५ मध्ये त्या विषयाच्या डॉक्टरांच्या ‘कॉलेज’ या व्यावसायिक संस्थेला ‘रॉयल’ हा दर्जा मिळाला. हा प्रवास मी मुद्दाम क्रमाने दिला, कारण त्यातून एक गोष्ट दिसते: प्रत्येक वेळी नाव बदलले ते काम आधी बदलले म्हणून. जखमा शिवणारे सर्जन ज्या खोलीत बसत त्या खोलीत हळूहळू हृदयविकाराचे झटके, विषबाधा, दमा, मेंदूचे झटके आणि तापाने बेशुद्ध झालेली बाळे येऊ लागली, आणि ते सर्व पाहू शकेल असा एक वेगळा डॉक्टर तयार झाला.

अमेरिकेत हे थोड्या वेगळ्या वाटेने झाले. तेथे १९६० च्या आसपासही इमर्जन्सीच्या खोलीत इंटर्न किंवा पाळी लागलेले कोणत्याही शाखेचे डॉक्टर असत. १९६१ मध्ये व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे जेम्स मिल्स आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी आपापली प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ हेच काम पत्करले. १९६८ मध्ये त्यांच्या व्यवसायबंधूंची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, १९७० मध्ये सिनसिनाटी येथे पहिला निवासी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९७९ मध्ये या विषयाला स्वतंत्र विशेषशाखा म्हणून मान्यता मिळाली. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय परिषदेने ती मान्यता २००९ च्या जुलैमध्ये दिली आणि राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा डीएनबी अभ्यासक्रम त्यानंतर काही वर्षांनी आला. म्हणजे आपल्या देशात या विषयाचे पदवीधर तज्ज्ञ अजून एका पिढीचेही झालेले नाहीत. लोकांना आपण कोण हे माहीत नाही, याचा राग मानण्यात अर्थ नाही, कारण त्यांना ते सांगणारे कोणी आजवर फारसे नव्हतेच.

आता ‘सीएमओ’ या पदनामाविषयी. कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर हे पद रुग्णालयाच्या रोस्टरसाठी निर्माण झाले. त्या काळी या अधिकाऱ्याचे काम मुख्यतः केसपेपर काढणे, पोलिसांना कळवण्याजोगी केस असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंदवणे, सलाईन सुरू करून संबंधित विभागाच्या रजिस्ट्रारला बोलावणे आणि रुग्णाला वॉर्डात पाठवणे, असे होते. ते काम कमी दर्जाचे होते असे मी म्हणत नाही. त्या अधिकाऱ्यांनी अतिशय अपुऱ्या साधनांत लाखो माणसे तगवली आहेत. परंतु त्या पदाला उपचारांचा निर्णय घेण्याचा अधिकार गृहीत धरलेला नव्हता, निरोप पोहोचवण्याचा होता, आणि पदनाम बदलले नाही तर लोकही तेवढाच अधिकार गृहीत धरतात. शिवाय याच अक्षरांचा दुसरा अर्थ मुख्य वैद्यकीय अधिकारी असाही होतो, त्यामुळे सरकारी पत्रव्यवहारात घोटाळा होतो तो वेगळाच.

त्याचा परिणाम काय होतो, हे एका रात्रीच्या प्रसंगातून सांगते. तुर्भ्याच्या बाजार समितीतील एक व्यापारी पहाटे तीनच्या सुमारास आले. पाठ टेकवता येत नव्हती, तोंडाला गुलाबी फेस, रक्तदाब दोनशेच्या वर, ऑक्सिजन लावूनही बोटावरच्या यंत्रावर सत्तरच्या घरातला आकडा. फुप्फुसांत पाणी भरले होते आणि त्यासाठी घट्ट बसणाऱ्या मास्कमधून दाबाने हवा देणे आणि नायट्रोग्लिसरीनची ड्रिप त्याच क्षणी सुरू करणे आवश्यक होते. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी, जे या विषयात एमडी होते, मास्क हातात घेतला तेव्हा रुग्णाच्या मुलाने त्यांच्या कार्डाकडे पाहिले आणि त्यांचा हात धरला. ‘तुम्ही कॅज्युअल्टीचे ना? मोठ्या डॉक्टरांना बोलवा आधी. ते येईपर्यंत काही करू नका.’ हृदयरोगतज्ज्ञ घोडबंदर रोडला राहत होते. कळवा पूल ओलांडून रिकाम्या रस्त्यावरूनही त्यांना यायला अर्धा तास लागणार होता आणि वडिलांकडे तेवढा वेळ नव्हता. मी शेजारच्या बेडपाशी होते. मी त्या मुलाला म्हटले, ‘हे डॉक्टर याच कामाचे तज्ज्ञ आहेत. दम लागून जीव धोक्यात आलेल्या माणसाला वाचवण्याचे तीन वर्षांचे शिक्षण त्यांनी घेतले आहे. हृदयाचे डॉक्टर निघाले आहेत, पण ते आल्यावरही पहिल्यांदा हेच करतील.’ त्याने हात सोडला. हृदयरोगतज्ज्ञ पोहोचले तेव्हा रुग्ण मास्क लावलेल्या अवस्थेत खुणेने पाणी मागत होते. त्या मुलाचे काही चुकले असे मला वाटत नाही. कार्डावर जे लिहिले होते त्याचा त्याने सरळ अर्थ घेतला, आणि तसा अर्थ निघू नये याची काळजी घेणे हे आपले व रुग्णालयाचे काम होते.

‘इमर्जन्सी फिजिशियन’ हा शब्द अमेरिकेत योग्य आहे, कारण तेथे फिजिशियन म्हणजे डॉक्टर. आपल्याकडे ठाण्यापासून पनवेलपर्यंत कोणत्याही सोसायटीत ‘फिजिशियन’ म्हटले की लोक एमडी मेडिसिन झालेल्या, मधुमेह आणि रक्तदाब पाहणाऱ्या डॉक्टरांना समजतात. त्यामुळे ‘इमर्जन्सी फिजिशियन’ ऐकल्यावर, रात्री-अपरात्री येणारे मेडिसिनचे डॉक्टर, असा समज होतो. मग अपघातातील जखमीचे नातेवाईक ‘आम्हाला फिजिशियन नको, सर्जन बोलवा’ असे म्हणतात, आणि छातीत हवा साठलेल्या माणसाच्या बरगड्यांमधून नळी घालण्याचे काम सर्जनच्या प्रतीक्षेत अडते, जरी ते काम आपल्या प्रशिक्षणाचा रोजचा भाग असले तरी. वैद्यकीय संमेलनांमध्ये किंवा संशोधनपर लेखात हा शब्द वापरण्यास हरकत नाही. त्याचे लघुरूप ‘ईपी’ मात्र टाळावे, कारण हृदयाच्या विद्युत्प्रवाहाचे विकार पाहणारे तज्ज्ञ तीच दोन अक्षरे वापरतात आणि फोनवर बोलताना गोंधळ होतो.

‘इमर्जंटॉलॉजिस्ट’ असा शब्द अधूनमधून सुचवला जातो; तो कोणाला कळत नाही, एवढे त्याच्याविरुद्ध पुरेसे आहे. ‘ट्रॉमा तज्ज्ञ’ म्हणणे अपुरे आहे, कारण आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांत अपघाताचे रुग्ण हा एकच भाग असतो. ‘इंटेन्सिव्हिस्ट’ ही तर वेगळी विशेषशाखा आहे. अतिदक्षता विभागात रुग्णाची दिवसेंदिवस काळजी घेणाऱ्या त्या सहकाऱ्यांचे नाव आपण घेऊ नये, जसे त्यांनी आपले घेऊ नये.

‘ईआर डॉक्टर’ किंवा ‘इमर्जन्सीचे डॉक्टर’ याबाबत माझे मत जरा सौम्य आहे. ‘इमर्जन्सी’ हा शब्द या भागात सर्वांना कळतो. मुंब्र्यातून उर्दू बोलणारे कुटुंब येते, कोपरखैरण्यातून साताऱ्याकडचे माथाडी कामगार येतात, घणसोली आणि दिवाळे गावातून आगरी-कोळी मंडळी येतात, टीटीसी औद्योगिक वसाहतीच्या कारखान्यांतून उत्तर प्रदेश-बिहारचे मजूर येतात. ‘आपत्कालीन’ हा शब्द त्यांपैकी बहुतेकांच्या बोलण्यात नाही, ‘इमर्जन्सी’ मात्र रिक्षावाल्याच्याही तोंडी आहे. म्हणून बोलताना तो शब्द जरूर वापरावा. फक्त त्याच्या पुढे ‘तज्ज्ञ’ किंवा ‘स्पेशालिस्ट’ हा शब्द जोडावा, कारण तो जोडला नाही तर ‘इमर्जन्सीचे डॉक्टर’ म्हणजे इमर्जन्सीच्या खोलीत आज ड्यूटी लागलेले डॉक्टर, असाच अर्थ होतो. आपल्या विषयाच्या तरुण डॉक्टरांना घरच्या कार्यातही ‘पुढे कशात स्पेशलायझेशन करणार?’ असे विचारले जाते, ते याच समजुतीतून.

येथे सर्वांत नाजूक भाग येतो, तो म्हणजे ‘तज्ज्ञ’ हा शब्द कोणी लावावा. आपल्या विभागांत आज अनेक प्रकारची पात्रता असलेले लोक काम करतात. एमडी आणि डीएनबी आहेत. एमबीबीएसनंतर खासगी रुग्णालयांतील प्रमाणपत्र अभ्यासक्रम किंवा फेलोशिप केलेले आहेत. त्यांपैकी काहींचे हात इतके कुशल आहेत की श्वासनलिकेत नळी घालणे कठीण असेल तेव्हा मी त्यांना आधी बोलावीन. मेडिसिन, भूलशास्त्र किंवा शल्यचिकित्सा शिकून येथे आलेले माझ्यासारखे ज्येष्ठ आहेत. आणि ठाणे-नवी मुंबईतील लहान व मध्यम नर्सिंग होममध्ये रात्रीची ड्यूटी सांभाळणारे आयुर्वेद व होमिओपॅथीचे पदवीधर फार मोठ्या संख्येने आहेत; राज्याच्या १०८ सेवेत, जी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली, गाडीत डॉक्टर म्हणून बसणारेही बहुतांशी हेच आहेत. शीव-पनवेल महामार्गावर किंवा उरणकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या रांगांत सापडलेल्या जखमीपर्यंत पहिला पोहोचतो तो डॉक्टर तोच असतो. या सर्वांविषयी मला मनापासून आदर आहे, आणि तरीही ‘तज्ज्ञ’ हा शब्द त्यांनी लावू नये असे मी म्हणते.

याचे कारण नियमात आहे आणि नियमाच्या पलीकडेही आहे. व्यावसायिक आचाराविषयीचे भारतीय वैद्यकीय परिषदेचे २००२ चे विनियम, जे आजही लागू आहेत, स्पष्ट सांगतात की, एखाद्या शाखेची विशेष पात्रता नसेल तर डॉक्टरने स्वतःला त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवून घेऊ नये, आणि नावापुढे केवळ मान्यताप्राप्त पदव्या व पात्रताच लिहाव्यात. नियमाच्या पलीकडचे कारण असे की, ‘तज्ज्ञ’ हा शब्द सर्वांनी लावला तर तो नातेवाइकांना काहीच सांगत नाही. मग त्या पहाटेच्या मुलाने ज्या शब्दावर विश्वास ठेवून हात सोडला, त्या शब्दावर पुढच्या वेळी कोणी विश्वास ठेवणार नाही. मी स्वतः हा नियम पाळते. या विभागाची प्रमुख असूनही माझ्या पाटीवर ‘एमडी, भूलशास्त्र’ आणि त्याखाली ‘प्रमुख, आपत्कालीन विभाग’ एवढेच आहे. ‘आपत्कालीन वैद्यक तज्ज्ञ’ हे शब्द माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या मुलांच्या नावापुढे आहेत, माझ्या नाहीत, आणि ते तसेच असले पाहिजे. प्रश्नकर्त्या डॉक्टरांना म्हणूनच मी आग्रहाने सांगते की, ज्या नावाचा आपल्याला अधिकार आहे ते संकोचाने गाळू नये.

पदनाम कोणतेही असले तरी कर्तव्य कमी होत नाही, हेही येथे सांगणे आवश्यक आहे. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर जखमीचा जीव वाचवण्यासाठी उपचार करण्याचे बंधन आहे आणि पोलिसी सोपस्कारांसाठी ते थांबवता येत नाहीत. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील खेतमजूर समितीच्या खटल्यात न्यायालयाने तातडीचे उपचार नाकारणे हे घटनेच्या अनुच्छेद २१ चे उल्लंघन ठरवले. त्यात रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. लोकलच्या दारातून पडलेली माणसे ज्या विभागात नेहमीच येतात, त्या विभागातील कोणाही डॉक्टरला, मग ते तज्ज्ञ असोत की वैद्यकीय अधिकारी, हे दोन निकाल माहीत असले पाहिजेत.

डॉक्टरांच्या नावाइतकेच विभागाच्या नावाकडेही लक्ष द्यावे, कारण एक चुकीचे असले तर दुसरे बरोबर असून उपयोग होत नाही. आपल्याकडे अजून कितीतरी रुग्णालयांच्या दारावर ‘अपघात विभाग’ अशी मराठी पाटी आहे. छातीत दुखणारा माणूस ती पाटी वाचतो आणि स्वतःला अपघात झालेला नाही म्हणून ओपीडीच्या खिडकीपुढे रांगेत उभा राहतो. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी तो आल्यापासून दहा मिनिटांत निघाला पाहिजे, हा आपला मूलभूत दंडक आहे. तो त्या रांगेतच मोडतो. सकाळी उठताना तोंड वाकडे झालेल्या आजींना घेऊन आलेला मुलगाही त्याच रांगेत ‘मेंदूचे डॉक्टर किती वाजता येतात?’ असे विचारीत उभा असतो, आणि मेंदूच्या रक्तवाहिनीतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यायचे असते. एका रुग्णालयात आम्ही पाटी बदलून ‘इमर्जन्सी – तातडीचे उपचार’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले आणि त्याखाली बारीक अक्षरांत छातीत दुखणे, दम लागणे, हातपाय लुळे पडणे, विषबाधा, सर्पदंश, अपघात अशी नावे दिली. सुरक्षारक्षकालाही ती नावे पाठ करायला लावली, कारण बहुतेक लोक पाटी न वाचता त्यालाच विचारतात. हा खर्च फार नाही, आणि रुग्णालयाच्या प्रशासनाला पटवणेही कठीण नाही.

सहकाऱ्यांशी बोलताना नाव कसे सांगावे, हा वेगळा विषय आहे. रात्री एखाद्या सर्जनला फोन करून ‘सर, कॅज्युअल्टीतून बोलतोय, एक पोटदुखीचा पेशंट आहे’ असे म्हटले की, पलीकडून ‘सोनोग्राफी करून घ्या, सकाळी बघतो’ असे उत्तर येण्याची शक्यता वाढते. त्याऐवजी, ‘मी डॉक्टर अमुक, इमर्जन्सी मेडिसिनचा कन्सल्टंट. माझ्याकडे साठ वर्षांचे गृहस्थ आहेत, पोट लाकडासारखे कडक आहे, एक्स-रेमध्ये श्वासपटलाखाली हवा दिसते, आतडे फुटले आहे असे माझे निदान आहे. अँटिबायोटिक दिले आहे, रक्त मागवले आहे, तुम्ही आत्ता यावे’ असे सांगितले तर संभाषणाची पातळीच बदलते. येथे केवळ पदनामाने काम होत नाही. त्याच्या मागून येणारे निदान आणि मागणी स्पष्ट असावी लागते. परंतु पदनाम आधी सांगितल्याने सांगणाऱ्यावरही ते निदान स्वतः करण्याची जबाबदारी येते, आणि तरुण डॉक्टरांना घडवण्याच्या दृष्टीने मला हा परिणाम सर्वांत मोलाचा वाटतो. ‘कन्सल्टंट’ म्हणवून घेणारा डॉक्टर रुग्णाला न तपासता, केवळ केसपेपर वाचून फोन करीत नाही.

कागदपत्रांबाबत थोडे अधिक दक्ष राहावे. केसपेपर, एमएलसी रजिस्टर, जखमांचे प्रमाणपत्र आणि डिस्चार्ज कार्ड यांवर स्वाक्षरीखाली पूर्ण नाव, पदवी, पदनाम आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक सुवाच्य असावा. रबरी शिक्का करून घेतल्यास उत्तम. नुसते इनिशियल आणि ‘सीएमओ’ एवढेच असेल तर काही वर्षांनी ठाण्याच्या सत्र न्यायालयाचे समन्स येते तेव्हा त्या रात्री ड्यूटीवर कोण होते, हे शोधण्यातच रुग्णालयाचे दोन दिवस जातात. आणि साक्षीच्या पिंजऱ्यात बचाव पक्षाचे वकील पहिला प्रश्न ‘आपण कोणत्या विषयाचे तज्ज्ञ आहात?’ असाच विचारतात. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ नुसार, पूर्वीच्या कायद्यातील कलम ४५ प्रमाणेच, तज्ज्ञाचे मत न्यायालय विचारात घेते. जखम कशाने झाली असावी, किती वेळापूर्वीची असावी, जिवाला धोका होता का, या प्रश्नांवर आपले मत तज्ज्ञाचे म्हणून ऐकले जावे असे वाटत असेल तर आपण तज्ज्ञ असल्याचा पुरावा त्या रात्रीच्या कागदावर असणे चांगले. उलट, पात्रता नसताना ‘तज्ज्ञ’ असा शिक्का मारला असेल तर त्याच पिंजऱ्यात त्या एका शब्दावरून संपूर्ण साक्ष डळमळीत केली जाते.

रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलण्याची एक पद्धत मी शिकवते. आधी स्वतःचे नाव, मग ‘मी इमर्जन्सीची तज्ज्ञ डॉक्टर आहे’, मग ‘आत्ता तुमच्या आईवर उपचारांची जबाबदारी माझी आहे’, आणि मग पुढच्या अर्ध्या तासात काय होणार ते. वैद्यकीय अधिकारी असतील तर त्यांनी ‘मी इमर्जन्सी विभागाचा डॉक्टर आहे, आमच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार सुरू करतो आहे’ असे सांगावे आणि ते तज्ज्ञ कोण, कुठे आहेत, हेही सांगावे. सिस्टर आणि वॉर्डबॉय यांनाही हे शब्द शिकवावेत. डॉक्टर कितीही नीट बोलले तरी मागून सिस्टर ‘थांबा, मोठे डॉक्टर येतीलच’ असे म्हणाल्या, तर सांगितलेले सारे पुसले जाते. त्यांनी ‘आमचे तज्ज्ञ डॉक्टर बघतायत, हृदयाच्या डॉक्टरांनाही कळवलंय’ असे म्हणावे. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, आणि तो असावाच. पण संतापलेल्या जमावाच्या बोलण्यात ‘कोणी बघितलंच नाही, कोणी डॉक्टरच नव्हता’ हे वाक्य इतके वारंवार ऐकू येते की, डॉक्टरने स्वतःची ओळख आणि जबाबदारी आरंभीच स्पष्ट सांगण्याला मी सुरक्षेचाच भाग मानते.

आता आपल्या ओळखपत्राविषयी. मनुष्यबळ विभागाशी तोंडी वाद घालू नये. त्यांच्या यादीत आपल्या पदासाठी बहुधा तेवढाच एक रकाना असतो आणि तो बदलायला त्यांना कागद लागतो. प्रथम एमडीची पदवी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवली आहे की नाही ते पाहा; नसेल तर आजच अर्ज करा, कारण परीक्षा उत्तीर्ण होणे आणि नोंद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या नोंदीची प्रत, नियुक्तिपत्राची प्रत आणि २००२ च्या विनियमांतील संबंधित तरतूद जोडून वैद्यकीय संचालकांना एक पानी पत्र द्या. पत्रात ओळखपत्र, ड्यूटी रोस्टर, संगणकातील केसपेपरचा नमुना आणि बिलावरील शीर्षक, या चारही ठिकाणी पदनाम बदलण्याची विनंती करा. कार्ड बदलते आणि संगणकात ‘सीएमओ’ तसेच राहते, असे नेहमी होते. त्याच पत्रात आपल्या विभागातील वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी ‘आपत्कालीन वैद्यकीय अधिकारी’ हे पदनाम सुचवा, आणि पत्र देण्यापूर्वी ते त्यांना वाचून दाखवा, म्हणजे आपल्याला वगळून कोणी स्वतःची पाटी मोठी केली, असे त्यांना वाटणार नाही.